उमेदवारीचा खर्च कोणी सोसावयाचा?

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे इंग्लंडहून पत्र आले आहे. हा गृहस्थ मूळचा म्हापशाचा. पोर्तुगीज पारपत्राच्या आधारे गोव्यातली जी अनेक कुटुंबे स्विंडन शहरी जाऊन स्थायिक झाली, त्यांतले त्याचे एक. तो स्वतः मालगोदामात पाळीवर काम करतो. पत्नी रुग्णालयात सफाईच्या कामावर आहे. मुलगी कायद्याची पदवीधर झाली असून तिला सॉलिसिटर व्हावयाचे आहे. त्यासाठी दोन वर्षांची उमेदवारी करावी लागते. ती कोणत्या वाटेने करावी, एवढाच पत्रातला प्रश्न.

मुलगी गेले चौदा महिने एका लहान पेढीत पॅरालीगल, म्हणजे वकिलाच्या हाताखालची साहाय्यक, म्हणून काम करीत आहे. पगार किमान वेतनाहून थोडासा अधिक, आणि काम एकच : घरांच्या खरेदीविक्रीची कागदपत्रे तयार करणे. तिच्या पुढे तीन वाटा आहेत. पहिली, याच पेढीत उरलेले दहा महिने काढावे; पण अनुभवाच्या दाखल्यावर सही करण्याच्या भानगडीत आपण पडत नसतो, असे मालकांनी आधीच सांगून ठेवले आहे. दुसरी, भाडेकरूंची व कर्जबाजारी माणसांची प्रकरणे चालविणाऱ्या एका लॉ सेंटरमध्ये आठवड्यातून तीन दिवसांची नोकरी मिळते आहे, ती धरावी. तिसरी, हे सर्व सोडून लंडनच्या मोठ्या पेढ्यांकडे जुन्या पद्धतीच्या प्रशिक्षण-करारासाठी अर्ज करीत राहावे. ‘सर, तुम्ही आम्हांला अर्थशास्त्र शिकविले, तेव्हा हिशेब तुम्हीच मांडून द्या,’ असे बापाने लिहिले आहे.

कोणी म्हणेल, एका कुटुंबाचा हा घरगुती प्रश्न; तोही परदेशातला. त्याची चर्चा या पानावर कशासाठी? आमचे उत्तर असे की, न्यायालयाच्या दारात गरिबाची बाजू कोण मांडणार हे ज्या ठिकाणी ठरते, ते ठिकाण न्यायालय नव्हे. वकिलाची उमेदवारी हेच ते ठिकाण होय. ज्याला दोन-तीन वर्षे कमाईवाचून किंवा तुटपुंज्या कमाईवर काढणे परवडते तोच वकील होणार असेल, तर कायदा कागदावर कितीही समतेचा असला तरी तो चालविणारी माणसे एकाच थरातून येत राहतील. इंग्लंडने या बाबतीत २०२१ साली एक मोठा फेरबदल केला. तो सुधारणा आहे की दिशाभूल, हे तपासून पाहण्याजोगे आहे.

प्रथम मागची हकीकत. इंग्लंडात सॉलिसिटर होण्याचा राजमार्ग अठराव्या शतकापासून उमेदवारीचाच राहिला. पाच वर्षे एखाद्या सॉलिसिटरच्या पेढीत करारबद्ध कारकून म्हणून काम करावयाचे, असा दंडक कायद्याने घातला. या कारकुनाला पगार मिळणे दूरच. उलट त्याच्या बापानेच मालकाला ‘प्रीमियम’ म्हणून मोठी रक्कम द्यावयाची आणि करारपत्रावर सरकारला मुद्रांकशुल्क भरावयाचे, अशी रीत होती. म्हणजे धंद्याच्या दारावर पहारेकरी दोन, एक मालक आणि दुसरा सरकार, आणि दोघांचेही हात पुढे पसरलेले. स्त्रियांना तर दारच बंद होते. १९१९ च्या कायद्याने ते उघडले आणि १९२२ साली कॅरी मॉरिसन ही इंग्लंडातील पहिली स्त्री सॉलिसिटर झाली.

ॲडम स्मिथने १७७६ साली लांबलचक उमेदवारीवर कोरडे ओढले ते याच कारणासाठी. कामगिरी शिकण्यास एवढी वर्षे लागतच नाहीत, धंद्यात शिरणाऱ्यांची संख्या आवरून आपला नफा राखावा हा गिल्डांचा खरा हेतू, असे त्याचे म्हणणे. स्मिथला बाजाराचा पुरस्कर्ता म्हणून डोक्यावर घेणारे लोक हे प्रकरण सहसा उघडून पाहत नाहीत.

विसाव्या शतकात प्रीमियम गेला, पगार आला, आणि १९९० च्या नियमांनी ‘करारबद्ध कारकून’ हे नाव जाऊन ‘प्रशिक्षणार्थी सॉलिसिटर’ हे नाव आले. पण अडवणुकीची जागा तीच राहिली. पदवीनंतर एक वर्षाचा व्यावसायिक अभ्यासक्रम पुरा करावयाचा, त्यासाठी दहा हजार पौंडांहून अधिक शुल्क भरावयाचे, आणि त्यानंतर एखाद्या मान्यताप्राप्त पेढीने दोन वर्षांचा प्रशिक्षण-करार देऊ केला तरच पुढे सरकावयाचे. करार देणे न देणे सर्वस्वी पेढीच्या मर्जीवर. परिणामी अभ्यासक्रम पुरा झालेले, कर्ज डोक्यावर असलेले आणि करार न मिळालेले असंख्य तरुण वर्षानुवर्षे पॅरालीगल म्हणून राबत राहिले. काम सॉलिसिटरसारखेच, पण ते हिशेबात धरले जात नव्हते. २०१४ पासून ‘समकक्ष मार्ग’ म्हणून एक खिडकी उघडली. परंतु आपला अनुभव प्रशिक्षण-कराराच्या तोडीचा होता हे पुराव्यांची चळत रचून सिद्ध करण्याचे ओझे उमेदवारावरच होते.

२०२१ च्या सप्टेंबरात सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटी या नियामक संस्थेने ही घडी मोडली. आता सर्वांना एकच दोन भागांची केंद्रीय परीक्षा आहे, आणि प्रशिक्षण-कराराऐवजी ‘पात्र कार्यानुभव’ ही व्यापक कल्पना आली आहे. पूर्ण वेळेच्या हिशेबाने दोन वर्षांचा अनुभव हवा, पण तो एकाच ठिकाणी असण्याची गरज नाही; जास्तीत जास्त चार संस्थांतला अनुभव जोडता येतो. पॅरालीगलची नोकरी चालते, विद्यापीठाच्या विधी साहाय्य केंद्रातले काम चालते, लॉ सेंटर चालते, कंपनीचा कायदाविभाग चालतो, परदेशातले कामही चालते. पगारी असो वा बिनपगारी, परीक्षेपूर्वीचा असो वा नंतरचा, अनुभव मोजला जातो. दाखल्यावर सही करावयाची ती त्या संस्थेतल्या सॉलिसिटरने किंवा नियमपालनाची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्याने. तेथे असा कोणी नसेल तर उमेदवाराचे काम प्रत्यक्ष पाहिलेल्या बाहेरच्या सॉलिसिटरने. आणि विशेष म्हणजे सही करणाऱ्याने उमेदवाराच्या योग्यतेचा निवाडा करावयाचा नाही. अमुक इतका काळ काम केले, ठरलेल्या कौशल्यांपैकी निदान दोन अंगी आणण्याची संधी मिळाली, आणि चारित्र्याबद्दल शंका घेण्यासारखे काही दिसले नाही, एवढेच त्याने सांगावयाचे. योग्यता परीक्षा ठरवील.

या सुधारणेचे आम्ही स्वागत करतो, आणि हातचे राखून करीत नाही. जे श्रम पूर्वी वाया जात ते आता मोजले जातात. मालकाच्या मर्जीने मिळणारा दर्जा जाऊन झालेल्या कामाची नोंद आली, हे पुढचे पाऊल आहे. स्विंडनच्या त्या मुलीचे चौदा महिने जुन्या पद्धतीत जवळजवळ शून्य ठरले असते. आज ते चौदा महिने आहेत.

पण दार उघडले म्हणजे उंबरठा गेला असे नाही. नव्या नियमांनी अनुभव कोठला चालेल हे सांगितले. त्या काळात उमेदवाराने खावे काय, हे सांगितले नाही. २०१४ पर्यंत प्रशिक्षणार्थी सॉलिसिटरला नियामक संस्थेने ठरविलेले खास किमान वेतन होते : मध्य लंडनमध्ये वर्षाला १८,५९० पौंड आणि अन्यत्र १६,६५० पौंड. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये ते रद्द झाले. तेव्हापासून सर्वसाधारण कामगाराला लागू असलेले राष्ट्रीय किमान वेतन एवढेच संरक्षण उरले. वकिलांच्या लॉ सोसायटीने वेतनाची शिफारस करावी आणि पेढ्यांनी ती पाळावी किंवा न पाळावी, अशी स्थिती आहे. त्यातही किमान वेतनाच्या १९९८ च्या कायद्यातून धर्मादाय संस्थांचे स्वयंसेवक वगळलेले आहेत, आणि अभ्यासक्रमाचा भाग म्हणून एक वर्षापर्यंत काम करणारे विद्यार्थीही वगळलेले आहेत. याचा अर्थ, ‘पात्र कार्यानुभव’ मोजताना बिनपगारी महिना आणि पगारी महिना यांचे वजन सारखे. पण ज्याच्या घरी चूल दोघांच्या मजुरीवर पेटते त्याच्यासाठी ते सारखे नाही.

अर्थशास्त्रात या गोष्टीला जुने स्पष्टीकरण आहे. गॅरी बेकर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६४ च्या आपल्या ग्रंथात दाखविले की, जे शिक्षण कोणत्याही मालकाकडे उपयोगी पडते त्याचा खर्च मालक सहसा सोसत नाही. कारण शिकलेला माणूस उद्या शेजारच्या पेढीत जाईल. तो खर्च शिकणाराच कमी वेतनाच्या रूपाने सोसतो. बेकर काही समाजवादी नव्हते. पण त्यांच्या या निष्कर्षातून आमचाच प्रश्न उभा राहतो. शिकणाऱ्याजवळ कमी वेतन सोसण्याची ऐपत नसेल तर काय? तो शिकणारच नाही, किंवा कर्ज काढून शिकेल आणि मग कर्ज फेडणाऱ्या अशिलांकडेच जाईल. दोन्ही बाबतीत तोटा समाजाचा.

कोणी विचारील, लंडनच्या बड्या पेढ्या पहिल्या वर्षाच्या प्रशिक्षणार्थीला पन्नास हजार पौंडांवर पगार देतात, शिवाय अभ्यासक्रमाचे शुल्क भरतात, ते कसे? ते असे की, त्यांचे अशील बँका आणि महामंडळे आहेत आणि प्रशिक्षणार्थीच्या प्रत्येक तासाचे बिल त्या भरतात. उमेदवारीचा खर्च तेथेही मालक सोसत नाही. श्रीमंत अशील सोसतो. याउलट भाडेकरूला घराबाहेर काढण्याची नोटीस आली असता तिला उत्तर देणाऱ्या पेढीला असा अशील कोठून मिळावा? तेथे खर्च सोसणारा एकच असू शकतो, तो म्हणजे सार्वजनिक निधी. आणि नेमका तोच आटत गेला. कायदेशीर मदत देणाऱ्या पेढ्यांना प्रशिक्षणार्थी ठेवण्यासाठी सरकारी अनुदान मिळत असे; ती योजना २०१० मध्ये गुंडाळली गेली. पुढे २०१२ च्या कायद्याने, एप्रिल २०१३ पासून, कर्ज, कल्याणकारी भत्ते, कौटुंबिक तंटे यांतली बहुतेक प्रकरणे सरकारी मदतीच्या कक्षेबाहेर टाकली. १९४९ साली ॲटली सरकारने उभारलेल्या व्यवस्थेचा मोठा भाग अशा रीतीने कोसळला. तेव्हा उमेदवारीच्या वाटा वाढल्या त्याच काळात गरिबांच्या वकिलीकडे जाणारी वाट अरुंद झाली. या दोन गोष्टी एकत्र वाचल्या पाहिजेत.

आता एकेक वाट तराजूत घालून पाहू. आमची मापे तीन : उमेदवाराला जगण्यापुरते वेतन मिळते काय, काम शिकायला मिळते की नुसते राबायला, आणि शेवटचा दाखला त्याच्या हक्काचा आहे की कोणाच्या कृपेचा.

जुना प्रशिक्षण-करार तिन्ही मापांत अजून भारी उतरतो, हे कबूल केले पाहिजे. बड्या पेढ्यांनी नव्या नियमांतही तो नावासकट चालू ठेवला आहे. पूर्वीच्या नियमांत निदान तीन वेगवेगळ्या कायदाक्षेत्रांत प्रशिक्षण देणे सक्तीचे होते; चांगल्या पेढ्या आजही उमेदवाराला विभागाविभागांतून फिरवितात. दोष त्याच्या गुणांत नाही, संख्येत आहे. जागा थोड्या, अर्जदार हजारो, आणि निवड प्रत्यक्ष कामाच्या दोन-दोन वर्षे आधी. सुट्टीत पेढीत काही आठवडे घालविलेला, चांगल्या शाळेतून आलेला, मुलाखतीत न बिचकणारा तरुण तेथे पुढे जातो. अर्ज जरूर करावा. पण हातचे काम सोडून त्याची वाट पाहत बसणे हे गरीब घरच्या मुलांना परवडणारे नव्हे.

पॅरालीगलचा मार्ग सर्वांत रुंद आहे आणि सर्वांत असुरक्षितही. इंग्लंडात ‘पॅरालीगल’ या नावाला कायद्याचे संरक्षण नाही. कोणीही लावू शकतो. मालकाला त्यामुळे पूर्ण शिकलेला कामगार अर्ध्या किमतीत मिळतो आणि त्याला पुढे नेण्याचे बंधन राहत नाही. नव्या नियमांत कायदाक्षेत्रांच्या विविधतेची अटही उरलेली नाही. दोन वर्षे केवळ खरेदीखतेच भरली तरी अनुभव पुरा. कागदावर ही सवलत. पण परीक्षेच्या दुसऱ्या भागात अशिलाची मुलाखत, कोर्टातला युक्तिवाद, मसुदा, कायद्याचा शोध अशा सोळा कसोट्या द्याव्या लागतात. एकाच प्रकारच्या फायली उपसलेल्या उमेदवाराला ते शिक्षण बाहेरून विकत घ्यावे लागते. मालकाने जे शिकविले नाही त्याचे शुल्क अशा रीतीने पुन्हा उमेदवारच भरतो.

विद्यापीठांची विधी साहाय्य केंद्रे आणि लॉ सेंटरे यांची गोष्ट निराळी. पहिले लॉ सेंटर १९७० साली लंडनच्या नॉर्थ केन्सिंग्टन भागात निघाले. दारावर आलेला माणूस, त्याच्या हातातली नोटीस, त्याची भाषा, त्याची भीती, हे सर्व तेथे पहिल्या दिवशी समोर येते. शिकण्याच्या दृष्टीने याहून चांगली शाळा नाही. उणीव पैशाची. लॉ सेंटरांतील प्रशिक्षणार्थींचा खर्च उचलणारी जस्टिस फर्स्ट फेलोशिप यासारखी योजना आहे, पण ती देणगीवर चालते आणि जागा मोजक्या. सेवाभाव ही मोठी गोष्ट आहे. तथापि दोन वर्षांचा सेवाभाव ज्याला परवडतो त्यालाच गरिबांचा वकील होता येईल, अशी व्यवस्था गरिबांच्या नावाने चालविणे हा विरोधाभास आहे.

राहिली पगारी उमेदवारी. शाळा सुटल्यावर, अठराव्या वर्षीच, पेढीत नोकरी धरावयाची. आठवड्यातला एक दिवस शिक्षणाचा. पाच-सहा वर्षांत पदवी, परीक्षा आणि अनुभव सर्व एकदम पुरे. शुल्क उमेदवाराला पडत नाही. ३० लाख पौंडांहून अधिक वेतनखर्च असलेल्या मालकांकडून २०१७ पासून अर्धा टक्का उपकर घेतला जातो, आणि त्या व्यवस्थेतून शिक्षणाचा खर्च भागतो. वेतन मिळते, काम शिकायला मिळते, दाखला कराराचाच भाग असतो. या उमेदवारांची परीक्षेतली कामगिरी सर्वसाधारण परीक्षार्थींपेक्षा सरस असल्याचे नियामक संस्थेचे अहवाल सांगतात. आमच्या मते सर्व वाटांत न्याय्य वाट हीच. कारण येथे शिक्षणाचा खर्च व्यक्तीवर न पडता साऱ्या उद्योगावर वाटला जातो. परंतु हिचेही पंख कापण्यात आले. २०२५ साली तेथील मजूर पक्षाच्या सरकारने जाहीर केले की, जानेवारी २०२६ पासून या पातळीच्या नव्या उमेदवारीला निधी मिळेल तो काही अपवाद सोडता २१ वर्षांपर्यंतच्यांनाच. शाळेतून थेट येणारा वाचला. पण आधी पदवी घेतलेला, किंवा घर सावरून उशिरा शिकायला आलेला कामगार वगळला गेला. मजूर पक्षाने हे करावे याचे वाईट वाटते.

परीक्षेबद्दलही दोन शब्द. योग्यता मालकाने ठरवावयाची नाही, परीक्षेने ठरवावयाची, हे तत्त्व चांगले; पण मग परीक्षेचे दार तरी सर्वांना सारखे हवे. २०२१ साली दोन्ही भागांचे शुल्क मिळून ३,९८० पौंड होते. २०२४ च्या शरदात ते ४,७०० पौंडांच्या पुढे गेले. शिकवणीचे पैसे वेगळे. सहा वर्षांत तीन प्रयत्नांची मर्यादा आहे. पहिल्या भागात साधारण निम्मे परीक्षार्थी उत्तीर्ण होतात; जुलै २०२४ मध्ये तर ४४ टक्केच झाले. नोकरी सांभाळून रात्री अभ्यास करणारा आणि पेढीच्या खर्चाने सहा महिने केवळ अभ्यासच करणारा, असे दोघे एकाच प्रश्नपत्रिकेसमोर बसतात. तिला समान संधी म्हणावयाचे असेल तर शब्दांना अर्थ उरत नाही. एप्रिल २०२४ मध्ये तर उत्तीर्ण झालेल्या १७५ जणांना आपण अनुत्तीर्ण असे चुकीने कळविले गेल्याचे उघडकीस आले. यंत्र चुकते, माणूसही चुकतो. पण एका निकालावर ज्याची नोकरी टांगलेली असते त्याला त्या चुकीची किंमत इतरांहून जास्त पडते.

इंग्लंडच्या या चर्चेतून आपण काय घ्यावे? मुंबईला सॉलिसिटर हा शब्द परका नाही. हायकोर्टाच्या मूळ शाखेत ॲटर्नीची उमेदवारी इंग्लंडच्या धर्तीवरच चाले. १९७७ च्या आरंभापासून ॲटर्नी हा कायद्याने वेगळा वर्ग राहिला नाही. तरी बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा आणि तिच्या आधीची पेढीतली उमेदवारी आजही चालू आहे. गिरगाव-फोर्टच्या पेढ्यांत शिरकाव कोणाच्या ओळखीने होत आला, हे मुंबईकराला सांगावयास नको.

पण आपला मोठा प्रश्न सॉलिसिटरचा नाही. तालुका कोर्टातल्या नव्या वकिलाचा आहे. सनद मिळाल्यावर तो ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली बसतो. तारखा घेतो, नकला काढतो, पक्षकारांना चहा सांगतो. वेतन मात्र ज्येष्ठाच्या मनात येईल ते, बहुधा काहीच नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाने १९९५ साली सनदेपूर्वी एक वर्षाच्या प्रशिक्षणाचा नियम केला, तो सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये रद्द ठरविला. २०१० पासून अखिल भारतीय बार परीक्षा आली आणि २०२३ मध्ये घटनापीठाने ती वैध ठरविली. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिलने कनिष्ठ वकिलांना शहरात दरमहा २०,००० व ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे अशी शिफारस केली. शिफारस, सक्ती नव्हे. आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तराच्या दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेस बसण्यासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली. तिचा दाखला द्यावयाचा ज्येष्ठ वकिलाने किंवा न्यायाधीशाने. कोर्टाचा अनुभव नसलेला न्यायाधीश नको, हा विचार योग्यच. परंतु शेतमजुराच्या मुलीने ती तीन वर्षे जिल्ह्याच्या गावी कशावर काढावी, याचे उत्तर त्याबरोबर यावयास हवे होते. वेतनाची शिफारस ऐच्छिक आणि अनुभवाची अट सक्तीची, ही जोडी दोन्ही देशांत सारखीच दिसते.

कोणी आक्षेप घेईल की, वेतन सक्तीचे केले तर ज्येष्ठ वकील कनिष्ठ ठेवणारच नाहीत, जागा घटतील. हा आक्षेप खोटा नाही. इंग्लंडात २०१४ साली किमान वेतन काढताना हाच युक्तिवाद झाला. पण त्यातून निघणारा निष्कर्ष वेतन नको असा नसून, एकेका मालकावर भार न टाकता तो सर्वांवर वाटा, असा आहे. भरघोस कमाईच्या पेढ्यांवर व कंपन्यांच्या कायदाखर्चावर अल्पसा उपकर बसवावा. त्यातून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांत कनिष्ठ वकिलांच्या मुदतबंद पगारी जागा निर्माण कराव्यात. मोफत कायदेशीर मदत हे राज्यघटनेच्या ३९-अ अनुच्छेदाने राज्यावर टाकलेले कर्तव्य आहे, १९८७ चा कायदा आहे, आणि २०२२ पासून फौजदारी प्रकरणांसाठी पगारी बचाव-वकिलांची योजनाही जिल्ह्याजिल्ह्यांत आली आहे. सांगाडा उभा आहे. त्यावर उमेदवारीची भिंत बांधावयाची आहे. अशी उमेदवारी तीन वर्षांच्या अनुभवात मोजली गेली तर गरीब पक्षकाराला वकील मिळेल आणि गरीब वकिलाला पोट भरता येईल. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या आपल्या कार्यकर्त्यांनी आपल्या गावच्या कोर्टात किती कनिष्ठ वकील बिनपगारी बसतात याची नुसती यादी केली, तरी या मागणीला पाया मिळेल.

स्विंडनच्या पत्राला आम्ही काय उत्तर दिले, ते सांगून हा लेख पुरा करतो. हिशेब असा. चौदा महिने झाले, दहा उरले. आठवड्याच्या पाच दिवसांपैकी तीन दिवस लॉ सेंटरमध्ये काम केल्यास त्या दहा महिन्यांस सुमारे सतरा महिने लागतील. सात महिने जास्त. पण त्यांत घरभाडे, कर्ज, कोर्टापुढचे काम असा खरेदीखतापलीकडचा कायदा हाती येईल, आणि उरलेल्या दोन दिवसांत अन्य मिळकत करून परीक्षेची तयारीही करता येईल. घरच्यांना सात महिन्यांची ओढाताण सोसण्यासारखी असेल तर लॉ सेंटर धरावे. नसेल तर पेढीतच दहा महिने काढावे, त्यात कमीपणा नाही. दोन्ही बाबतींत, पेढी सोडण्यापूर्वी चौदा महिन्यांच्या कामाची तारखांसह नोंद करून ती मालकांपुढे ठेवावी आणि सही मागावी, नम्रपणे पण लेखी. मजुराला हजेरीपत्रक दाखविणे हा मालकाचा उपकार नसतो. या दाखल्याची जात तीच आहे.

तिने कोणती वाट धरली ते अद्याप कळलेले नाही. बापाने मात्र उलट टपाली एक ओळ लिहिली आहे : ‘सात महिने मी जादा पाळी करीन.’ उमेदवारीचा खर्च कोण सोसतो, या प्रश्नाचे आजचे उत्तर त्या ओळीत आहे. ते बदलावयाचे आहे.